नॅनोकण-निर्मिती : ऊर्जाखर्च व पर्यावरणीय परिणाम

सुमारे 1 ते 100 नॅनोमीटर आकाराचे कण तयार करताना लागणारी वीज, पाणी व रसायने आणि निघणारा कचरा यांचा हिशेब. आयएसओ 14040 व 14044 या मानकांनुसार तो खाणीतल्या धातूपासून वस्तू टाकून देईपर्यंत मांडतात. याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात (स्थापना 2004) भौतिकशास्त्राच्या संशोधनात नॅनोपदार्थांना मोठे स्थान आहे. अशा कोणत्याही प्रयोगशाळेतली कृती ओळखीची असते : साका गाळायचा, पुन्हापुन्हा धुवायचा, सुकवायचा आणि मफल भट्टीत 400–500° से.ला तापवायचा. 2 किलोवॉटची भट्टी सरासरी निम्म्या भाराने चार तास चालली, तर 4 युनिट जळतात. हाती 1 ग्रॅम भुकटी आली, तर किलोमागे 4,000 युनिट पडले! अ‍ॅल्युमिनियम वितळभट्टीत किलोला साधारण 14 युनिट पुरतात. अर्थात भट्टी जवळजवळ रिकामीच होती. म्हणून प्रयोगशाळेचा आकडा कारखान्याला जसाच्या तसा लावता येत नाही. देशात ग्रिडच्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सोलापूरकरांना त्याचा उगम दूर शोधायला नको : फताटेवाडीचे 1,320 मेगावॉटचे एनटीपीसी केंद्र कोळशावरच चालते.

कडुनिंब-तुळशीच्या अर्काने केलेली ‘हरित’ निर्मिती अनेक शोधनिबंधांत आपोआप पर्यावरणस्नेही ठरते. ते घाईचे आहे. अर्काने मुख्यतः क्षपणकारक रसायन बदलते; सिल्व्हर नायट्रेट, त्यामागचे चांदीचे खाणकाम, तापवणे आणि धुणे तसेच राहते. चांदीच्या कणांत मोठा भार बहुधा खुद्द चांदीचाच असतो.

चादरी व टेरी टॉवेलांच्या सोलापूरला चांदीचे कण लावलेल्या जंतुरोधक कापडाचा मुद्दा अधिक जवळचा. अ‍ॅरिझोनातील 2008च्या अभ्यासात काही मोज्यांतली जवळपास सगळी चांदी थोड्याच धुण्यांत पाण्यात उतरली. म्हणून इथे हिशेब किलोवर न मांडता वापरलेल्या एका कापडावर मांडावा लागतो. स्वित्झर्लंडमधील 2011च्या टी-शर्ट अभ्यासात ज्वाला-फवारणीने केलेल्या चांदीमुळे आयुष्यभराचे उत्सर्जन साध्या शर्टाहून थोडेच वाढले, प्लाझ्मा पद्धतीने मात्र कित्येक पटींनी. वापरणाऱ्याने तो कमी वेळा धुतला, तर पहिल्या पद्धतीतली वाढ भरून निघू शकते.