किल्ला पाडलेला देश : लक्झेंबर्ग

युरोपच्या नकाशावर बोट ठेवले तर बोटाखाली झाकून जातील असे काही देश आहेत. त्यांतल्या एकाची हकीगत आज आम्ही सांगणार आहोत. देशाचे नाव लक्झेंबर्ग. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचे सहा तुकडे केले तर त्यांतला एक. दक्षिणोत्तर लांबी ८२ किलोमीटर, पूर्वपश्चिम रुंदी ५७. वस्ती पावणेसात लाखांच्या आसपास. पश्चिमेस बेल्जियम, पूर्वेस जर्मनी, दक्षिणेस फ्रान्स. समुद्र कोठेच नाही.

एवढ्याशा देशासाठी वसंत ऋतूतली एक संध्याकाळ का खर्चावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. मोठ्या देशांच्या इतिहासात राजे, सेनापती आणि फौजा यांची इतकी दाटी असते की कामकरी माणूस दिसतच नाही. लहान देशात तो दिसतो. शिवाय, बलवंतांच्या शेजारात दुबळ्याने जगावे कसे, हा प्रश्न युनियनच्या माणसाला रोजचाच आहे. आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. जे वाचले ते कचेरीतली गर्दी ओसरल्यावर, रात्री. तेव्हा पंडिताच्या नव्हे, संघटकाच्या नजरेने या देशाकडे पाहू.

प्रथम भूगोल. उत्तरेकडचा एक तृतीयांश भाग म्हणजे ओस्लिंग. आर्देनच्या डोंगरांचा हा मुलूख; खोल दऱ्या, दाट जंगल, हलकी जमीन. दक्षिणेकडचा दोन तृतीयांश भाग गुटलांड, म्हणजे शब्दशः ‘चांगली जमीन’. पूर्व सीमेवर मोझेल नदी वाहते. तिच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत. नैर्ऋत्य कोपऱ्यात मात्र माती तांबडी आहे. त्या तांबड्या मातीत लोखंड होते, आणि या देशाचा अर्धा इतिहास त्याच कोपऱ्यात घडला.

इतिहासाचा आरंभ इ. स. ९६३ चा. सिगफ्रीड नावाच्या सरदाराने ट्रियरच्या सेंट मॅक्सिमिन मठाशी अदलाबदल करून आल्झेट नदीवरचा एक खडक मिळवला. त्या खडकावरच्या गढीभोवती शहर वाढले, शहराभोवती राज्य वाढले. पुढे लक्झेंबर्गच्या घराण्यातला हेन्री १३०८ साली जर्मनीचा राजा आणि १३१२ साली सम्राट झाला. पण हे वैभव टिकले नाही. १४४३ साली बर्गंडीच्या ड्यूकने शहर घेतले, आणि तेथून चारशे वर्षे हा किल्ला या हातातून त्या हातात जात राहिला. कधी स्पेन, कधी फ्रान्स, कधी ऑस्ट्रिया. १६८४ साली चौदाव्या लुईचा नामांकित दुर्गतज्ज्ञ व्होबाँ याने वेढा घालून तो जिंकला आणि अधिकच भक्कम केला. खडकाच्या पोटात पुढे तेवीस किलोमीटर भुयारे खोदली गेली. ‘उत्तरेचा जिब्राल्टर’ असे त्याचे नाव झाले.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. किल्ला जसजसा बळकट होत गेला, तसतसा तो बळकावण्याचा मोह शेजाऱ्यांस वाढत गेला. तटबंदी राजांची, तोफा परक्यांच्या आणि उपासमार गावकऱ्यांची, असा तो हिशेब होता. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेने लक्झेंबर्गला ‘ग्रँड डची’ केले. मुकुट हॉलंडच्या राजाला दिला आणि किल्ल्यात प्रशियाची फौज बसवली. १८३९ साली देशाची फाळणी झाली आणि निम्म्याहून अधिक मुलूख बेल्जियमला गेला. १८६७ साली फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने हा देश हॉलंडच्या राजाकडून चक्क विकत घेण्याचा घाट घातला, तेव्हा प्रशिया खवळला आणि युद्ध पेटण्याची वेळ आली. अखेर लंडनच्या परिषदेत तोड निघाली : लक्झेंबर्ग कायमचा तटस्थ राहील, प्रशियाची फौज जाईल आणि किल्ला जमीनदोस्त होईल. पाडण्याचे काम सोळा वर्षे चालले. तटांच्या जागी रस्ते आणि बागा झाल्या, आणि कोंडलेले शहर प्रथमच हातपाय पसरू लागले.

पण लोकांच्या पोटाचे काय? एकोणिसाव्या शतकात हा देश गरीब होता. शेतीवर भागत नसल्यामुळे हजारो कुटुंबे बोटीत बसून अमेरिकेस गेली. तांबड्या मातीत लोखंड होते खरे, पण त्यात स्फुरद मिसळलेला. अशा लोखंडाचे पोलाद ठिसूळ होई. हे कोडे सोडवले कोणी? लंडनच्या पोलीस कोर्टात कारकुनी करणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट टॉमस या तरुणाने! दिवसा कोर्टाचे काम, रात्री रसायनशास्त्राचे वर्ग, असा त्याचा क्रम होता. आपला चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट याच्या मदतीने त्याने शोधून काढले की भट्टीला आतून चुन्याच्या जातीचे अस्तर दिले तर स्फुरद मळीत उतरतो आणि पोलाद चोख निघते. १८७९ साली लक्झेंबर्गच्या कारखानदारांनी ही युक्ती विकत घेतली आणि देशाचे नशीब पालटले. उरलेली मळीसुद्धा वाया गेली नाही. दळून ती खत म्हणून शेतात गेली आणि ओस्लिंगची हलकी जमीन पिकू लागली. रात्रीच्या वर्गात शिकलेल्या कारकुनाने एका देशाला भाकर दिली. हा संशोधक अवघ्या चौतीस वर्षांचा होऊन १८८५ साली वारला.

मग झोतभट्ट्या उभ्या राहिल्या. एश, डिफरडांज, डुडेलांज ही खेडी कारखान्यांची गावे झाली. हात कमी पडले म्हणून जर्मनीतून आणि इटलीतून मजूर आले. १९११ साली तीन कंपन्या एकत्र होऊन ‘आर्बेड’ ही बलाढ्य पोलाद कंपनी निघाली. मालकांची एकजूट झाली, पाठोपाठ कामगारांचीही झाली. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजेने तटस्थतेचा कागद पायदळी तुडवून देश व्यापला होता. महागाईने लोक गांजले होते. १९१६ साली खाण आणि धातू कामगारांची युनियन स्थापन झाली. १९१७ साली तिने संप केला, तो जर्मन लष्कराने मोडला. युद्ध संपताच, १९१८ च्या डिसेंबरात, आठ तासांचा दिवस मिळाला. १९१९ साली स्त्रीपुरुष सर्वांस मताधिकार मिळाला. १९२१ चा मोठा संप पुन्हा फसला. या वेळी फ्रेंच सैनिक आणले गेले. मालक सामूहिक करारास तयार झाले ते १९३६ साली. म्हणजे युनियन निघाल्यापासून वीस वर्षे, आणि दोन हरलेले संप. जे एका हरलेल्या लढ्यानंतर निराश होतात त्यांनी हा हिशेब पाहावा.

आता या देशाच्या इतिहासातले जे पान आमच्या मते सर्वांत मोठे, त्याकडे येऊ.

१० मे १९४० रोजी हिटलरच्या फौजा शिरल्या. ग्रँड डचेस शार्लोट आणि मंत्री देश सोडून गेले व पुढे परदेशातून लढा चालवीत राहिले. गुस्टाव्ह सिमोन हा नाझी अधिकारी कारभारी झाला. ‘तुम्ही मुळात जर्मनच आहात,’ हे त्याचे पालुपद. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्याने शिरगणती मांडली आणि राष्ट्रीयत्व, मातृभाषा व वंश असे तीन प्रश्न विचारले. लोक तिन्ही ठिकाणी ‘लक्झेंबर्गी’ लिहिणार, हे चाचणीतच कळून आले आणि त्याला गणती गुंडाळावी लागली.

३० ऑगस्ट १९४२ रोजी त्याने जाहीर केले की लक्झेंबर्गी तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती केले जाईल. दुसऱ्याच दिवशी उत्तरेतल्या विल्ट्स गावी काम थांबले. त्याच संध्याकाळी शिफ्लांजच्या पोलाद कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला. तो हान्स आडाम या कामगाराने वाजवला. कारखाने, खाणी, टपाल कचेऱ्या यांतून लोक बाहेर पडले. शेतकऱ्यांनी डेअरीला दूध घालायचे थांबवले. शिक्षक आणि विद्यार्थीही उठले. सरकार परदेशात, सैन्य नाही, किल्ला केव्हाच पाडलेला. हाती उरले होते फक्त काम न करण्याचे बळ.

उत्तर बंदुकीने आले. लष्करी न्यायासने बसली आणि एकवीस जणांस मरणाची शिक्षा झाली. वीस जणांस हिन्झर्टच्या छावणीजवळ गोळ्या घातल्या. एकविसावा हान्स आडाम. तो जन्माने जर्मन, म्हणून त्याचा कोलोन येथे शिरच्छेद केला. भोंगा वाजवणारा माणूस जर्मन होता, हे विसरू नका. आपला कोण आणि परका कोण, हे वंशावरून ठरत नाही. तो कोणाच्या बाजूने उभा राहतो यावरून ठरते.

भरती रद्द झाली नाही. सुमारे दहा हजार तरुण ओढून नेले गेले आणि हजारो परतले नाहीत. पण कित्येक पळाले. काहींना तर खाणीच्या पोटात लपवले गेले. संप हरला असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. ‘हे लोक जर्मन आहेत’ हे असत्य त्या दिवशी जगासमोर उघडे पडले, आणि देश टिकण्याचा आधार तेथे घातला गेला.

युद्धानंतर देशाने तटस्थतेचा भरवसा सोडला आणि मैत्रीचा धरला. १९५१ साली सहा राष्ट्रांनी कोळसा-पोलाद संघ स्थापला. त्याचे पहिले कार्यालय १९५२ साली लक्झेंबर्ग शहरात थाटले गेले. त्या योजनेचा जनक रोबेर शूमाँ याचा जन्मही याच शहरातला. मोझेलकाठच्या शेंगेन गावी १९८५ साली सरहद्दीवरची तपासणी उठवण्याचा करार झाला.

१९७५ च्या सुमारास पोलादाला मंदी आली. सुमारे पंचवीस हजार कामगारांच्या भाकरीचा प्रश्न होता. सरकार, मालक आणि युनियन एका टेबलाशी बसले. १९७७ पासून या त्रिपक्षीय बैठकीस कायद्याचे रूप आले. जादा ठरलेल्या माणसांना हाकलले नाही. त्यांना सार्वजनिक कामांवर लावले, वडीलधाऱ्यांना लवकर पेन्शन दिली, आणि खर्चासाठी सर्वांवर कर बसवला. तेथे महागाईचा निर्देशांक चढला की कायद्याने पगार चढतो, आपल्या महागाई भत्त्याचाच तो भाऊ. १९८२ साली सरकारने त्याला हात लावला, तेव्हा एप्रिलात देशभर संप झाला. मुंबईत गिरणी संप चालू होता तेच हे वर्ष. शेवटची खाण १९८१ साली आणि शेवटची झोतभट्टी १९९७ साली बंद झाली. पोलाद आता विजेच्या भट्टीत होते. आर्बेडमधून २००२ साली ‘आर्सेलॉर’ झाली आणि २००६ साली ती आपल्या राजस्थानात जन्मलेल्या लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीत गेली. एशजवळ बेलव्हाल येथे जुन्या झोतभट्ट्या जपून ठेवल्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी विद्यापीठ भरते. गिरणगावच्या चिमण्या ज्यांनी पडताना पाहिल्या, त्यांना या ओळीचा अर्थ सांगायला नको.

आज देश चालतो तो मुख्यतः बँका आणि गुंतवणूक संस्थांवर. दरडोई उत्पन्न जगात अगदी वरच्या पंक्तीत आहे. २०२० पासून आगगाडी, ट्राम आणि बस सर्वांस फुकट आहेत. पण या पैशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१४ साली कागदपत्रे बाहेर आली आणि बड्या कंपन्या येथे नाममात्र कर भरण्याचे गुपचूप करार करतात हे जगाला कळले. कागद बाहेर देणाऱ्या नोकरांवरच खटले झाले. त्यांतल्या एकाच्या बाजूने युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०२३ साली निकाल दिला.

दुसरा प्रश्न मताचा. रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे परदेशी नागरिक आहेत, त्यांत पोर्तुगीज सर्वांत जास्त. शिवाय दोन लाखांहून अधिक माणसे रोज सरहद्द ओलांडून कामास येतात आणि रात्री घरी जातात. परदेशी रहिवाशांस संसदेसाठी मत द्यावे काय, असे २०१५ साली विचारले, तेव्हा सुमारे ७८ टक्के मतदारांनी नाही म्हटले. मात्र नोकरदारांची जी कायदेशीर सभा आहे, तिच्या निवडणुकीत लक्झेंबर्गी, पोर्तुगीज आणि सरहद्दीपलीकडून येणारा फ्रेंच, सारे मत देतात. संसदेच्या दाराशी जो थांबवला जातो, तो कामगार म्हणून आत येतो. हान्स आडामच्या देशाने ही दुसरी वाट अधिक रुंद करावी, असे आम्हांस वाटते.

तात्पर्य एवढेच. या देशाने तट बांधून पाहिले. तटांनी शत्रू बोलावले. तटस्थतेचा कागद लिहून पाहिला. तो दोनदा फाटला. तो तगला तो माणसांच्या एकजुटीवर, आणि शेजाऱ्यांशी बरोबरीने केलेल्या करारांवर. लहानाचे बळ यापरते दुसरे नाही.