बन्नेरघट्ट्याचे सिंह आणि आपले छत्रे

गावाकडून पाहुणे आले की आपण बंगळूरकर त्यांना लालबाग दाखवतो आणि मग बन्नेरघट्ट्याच्या सफारीला नेतो. मीही यंदा मेहुण्यांना नेले. जाळीच्या बसमधून सिंह दिसताच ते म्हणाले, "अहो, हा तर सर्कशीतल्यासारखा सुस्त!" थट्टा खरी, पण नेमक्या जागी लागली.

पहिली देशी सर्कस १८८० मध्ये मुंबईत काढली ती सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी. कियारिनी या इटालियनाची सर्कस पाहून त्यांनी जिद्द धरली. याचा आपल्याला अभिमान आहेच. पुढे मात्र देशभरच्या सर्कशींत आफ्रिकन आणि गीरच्या सिंहांचा संकर झाला. १९९८ मध्ये केंद्र सरकारने सिंहांच्या खेळांवर बंदी घातली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि सोडवलेले कितीतरी सिंह इथे बन्नेरघट्ट्याला आले. संकरित म्हणून त्यांची वीण होऊ दिली नाही. रान त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

आशियातला रानचा सिंह आता फक्त गुजरातेत. २०२५ च्या गणनेत ८९१. हे ऐकून मेहुणे म्हणाले, "मग गीरलाच जाऊ." ते जंगल १५ ऑक्टोबरपर्यंत बंद असते, म्हणून दिवाळीनंतर निघायचे ठरते आहे. कोणाला यायचे असल्यास आरतीनंतर मंडपात भेटावे.