गडाचा कारभार: कामाची वाटणी आणि जबाबदारीची बांधणी

एखादे मोठे काम तडीस नेताना माणसामाणसांत कामे कशी वाटावीत, खर्चाचा अंदाज आधी कसा बांधावा आणि एकाच्या गफलतीने किंवा फितुरीने सारा खटाटोप धुळीस मिळू नये म्हणून कोणती तजवीज ठेवावी, हे प्रश्न यंत्रयुगाने आणि कारखानदारीने प्रथमच उपस्थित केले, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षितांत रूढ झाली आहे. शिवकालीन गडांच्या कारभाराविषयी जे लेखन आज उपलब्ध आहे ते स्वस्थपणे वाचणाऱ्यास मात्र या समजुतीची बाजू लंगडी वाटू लागते. कारण गड बांधणे, तो नांदता ठेवणे आणि प्रसंगी लढवणे या कामांत हेच प्रश्न सह्याद्रीतील कारभाऱ्यांपुढे उभे होते, आणि त्यांची जी उत्तरे त्यांनी शोधली ती आजही विचारार्ह आहेत.

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीच्या मुक्कामी जी बखर लिहिली, तीत गडावरील अधिकाराची रचना नेटकेपणाने सांगितली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे समान दर्जाचे अंमलदार असत व त्यांनी मिळून कारभार करावा असा दंडक होता. शिवाय धान्य आणि युद्धसाहित्य यांच्या कोठारांचा हिशेब कारखानिसाकडे असे. किल्ल्या हवालदाराच्या हाती, हजेरी आणि दफ्तर सबनिसाच्या हाती, तटावरील पहारा सरनोबताच्या नजरेखाली, आणि जमाखर्चाचे कलम कारखानिसाच्या लेखणीतून उतरलेले, अशी ही विभागणी होती. हवालदार व सरनोबत मराठे, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू असावा, हा संकेतही हेतुपुरस्सर घातलेला दिसतो. सर्वांनी संगनमत करून गड शत्रूच्या स्वाधीन करणे त्यामुळे दुर्घट होई. प्रत्येकाचे काम निराळे, परंतु एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

खर्चाच्या बाबतीतही हीच दक्षता आढळते. 1671-72 च्या सुमाराचा गडांच्या बांधकामाच्या तरतुदीचा एक जाबता प्रसिद्ध आहे. त्यात एकंदर 1,75,000 होनांची नेमणूक असून त्यांपैकी 50,000 एकट्या रायगडास दिले आहेत. सिंहगड, पुरंदर, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग व सुवर्णदुर्ग यांस प्रत्येकी 10,000, लोहगड, सुधागड इत्यादींस प्रत्येकी 5,000, आणि त्याहून लहान गडांस त्यांच्या मगदुराप्रमाणे रकमा नेमून शेवटी किरकोळ म्हणून 7,000 होन वेगळे काढले आहेत. कोणते काम आधी आणि कोणते मागाहून, याचा निर्णय गरजेच्या क्षणी न घेता कागदावर आधीच करून ठेवण्याची ही पद्धत पाहिली म्हणजे पुढे दोन-तीन वर्षांतच रायगड राज्याभिषेकास योग्य राजधानी कसा झाला, याचे नवल वाटेनासे होते. त्या गडाच्या उभारणीशी ज्याचे नाव निगडित आहे त्या हिरोजी इंदुलकराने जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर आपले नाव कोरून ठेवले आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात तर या अनुभवाला शास्त्राचे रूप आलेले दिसते. गड बांधण्यापूर्वी प्रथम पाणी पाहावे, पाणी नसून ते स्थळ बांधणे प्राप्तच असेल तर आधी खडक फोडून तळी-टाकी सिद्ध करावीत, आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये, कारण झुंजाच्या वेळी तोफांच्या दणक्याने झरे आटतात, असा त्यातील उपदेश आहे. दारूखाना वस्तीपासून दूर बांधून त्याभोवती कुंपण घालावे, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण इत्यादी जिन्नस बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावे, इतक्या बारकाव्यापर्यंत हे लेखन उतरते. साहित्य कोठारात आहे एवढ्यावर समाधान न मानता ते कामास येण्याजोगे आहे की नाही, याचा पडताळा ठराविक मुदतीने घेण्याची ही शिस्त होती.

शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील लष्करी छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस धाडलेले पत्रही याच वृत्तीचे निदर्शक आहे. दाणा आणि वैरण आताच मनमानी खर्ची घातली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरू लागतील, मग तुम्ही रयतेस पीडा द्याल, असे त्यात बजावले आहे. आणि रात्री जळता दिवा ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, मग कारकुनांस शासन केले तरी एक काडी मिळणार नाही, हा इशारा दिला आहे. राज्य चालवणाऱ्या पुरुषाचे ध्यान उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत पोहोचले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या साऱ्या व्यवस्थेला जोड होती ती बदल्यांची. आज्ञापत्राच्या मते हवालदार तीन, सरनोबत चार आणि सबनीस व कारखानीस पाच वर्षांनी बदलावेत. म्हणजे सारे एकदम बदलून जुना अनुभव एकाच दिवशी गडाबाहेर जाऊ नये, आणि कोणी एका जागी मूळही धरू नये. पुढील काळात वतनाची ओढ बळावली, अधिकार वंशपरंपरेने चालू लागले, आणि ज्याच्या हाती जबाबदारी सोपवावयाची त्याची पारख करण्याची संधीच राज्यकर्त्यांस उरली नाही. 1818 साली अनेक बळकट गड अल्पावधीत इंग्रजांच्या हाती गेले, त्यास त्यांचा तोफखाना कारण होता, तसेच पुण्याच्या सत्तेचा आधार तुटला होता. परंतु जुनी शिस्त त्यापूर्वीच सैल झालेली होती, हेही विसरता येत नाही.

तेव्हा आजच्या कचेरीत, धरणावर किंवा कारखान्यात कामांची वाटणी करणाऱ्यांनी परदेशी ग्रंथांबरोबर आज्ञापत्रातील दुर्गांचे प्रकरणही एकवार वाचावे. अधिकार वाटून द्यावा, हिशेब एका हाती ठेवू नये, साठा मुदतीने तपासावा आणि माणसे वेळेवर बदलावीत, ही चार सूत्रे त्यात सापडतात. आणि ती पाळली गेली तोवर गड नांदते राहिले.