रूळ, सडक आणि तिजोरी

मनमाड स्टेशनात एके काळी दोन रुंदींचे रूळ शेजारी शेजारी येऊन थांबत. मुंबईकडून येणारे साडेपाच फुटी, आणि औरंगाबादकडून येणारे मीटरगेज, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित अधिक. जालन्याचा कापूस येथे एका वाघिणीतून उतरून दुसरीत चढे, आणि माणसेही तशीच, वळकट्या काखोटीला मारून, या फलाटावरून त्या फलाटावर जात. मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यामधली खरी सीमा पुष्कळ वर्षे हीच होती, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये.

आज आगगाडीवर पैसा घालावा की सडकेवर, असा वाद निघाला की बोलणारे तो या दहापाच वर्षांतला म्हणून बोलतात. औरंगाबादपुरते, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरपुरते, पाहिले तर हा वाद शंभर वर्षांचा होत आला आहे. आणि गंमत अशी की त्याचे एक उत्तर, चांगले की वाईट हे पुढे पाहू, निजामी राजवटीने १९३२ मध्येच देऊन ठेवले होते.

निजामाच्या राज्यात आगगाडी आली ती १८७४ मध्ये, वाडीहून हैदराबादकडे. पहिला सालारजंग तेव्हा दिवाण होता. ही वाट मोठ्या गेजची होती. पुढे १८८३ मध्ये ती हमीच्या तत्त्वावर इंग्रजी कंपनीकडे सोपवण्याचे ठरले. हमी म्हणजे काय, तर नफा झाला तर भागधारकांचा, आणि न झाला तर ठरलेले व्याज सरकारी तिजोरीतून. या चांदा रेल्वे योजनेविरुद्ध हैदराबादेत जी थोडी माणसे उघड बोलली त्यांत सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. त्यांना त्याच वर्षी राज्याबाहेर घालवण्यात आले. आगगाडी कुणाच्या पैशाने आणि कुणासाठी, हा प्रश्न विचारण्याची ती किंमत होती.

औरंगाबादच्या वाट्याला आला तो नंतरचा फाटा, हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा. सिकंदराबादेपासून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करीत मनमाडपर्यंत सुमारे ३९० मैलांची ही वाट १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुली झाली. मुलखात दुष्काळ पडला होता तेच हे दिवस. वाट मीटरगेजची केली, कारण ती स्वस्त पडे. कापूस बंदराकडे नेणे आणि दुष्काळात धान्य आत आणणे एवढेच काम मनात असेल तर अरुंद वाट पुरेशी वाटते. मराठवाड्यातला माणूस मुंबईला किंवा पुण्याला जाईल, त्याने जावे, हा विचार त्या आराखड्यात कुठे दिसत नाही. राजधानी आग्नेयेला होती आणि रूळ तिकडूनच निघाले होते.

मग मोटारी आल्या. पहिल्या महायुद्धानंतर सगळ्या हिंदुस्थानातच सर्व्हिस मोटारींचा सुळसुळाट झाला. मोटारवाला रुळाला समांतर असलेल्या सडकेने जाई, गावाच्या चावडीपाशी उतारू घेई आणि चावडीपाशीच उतरवी. स्टेशन गावापासून दोन कोस दूर. मग उतारू आगगाडीला कशाला जाईल? ब्रिटिश मुलखात यातून मोठा पेच पडला. रेल्वे मध्यवर्ती सरकारची, सडका प्रांतांच्या. १९३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोघा अधिकाऱ्यांनी या स्पर्धेचा अहवाल दिला, त्याच वर्षी सिमल्याला परिषद भरली, आणि १९३९ मध्ये मोटार वाहन कायदा झाला. एवढे होऊनही मूळ दुखणे राहिलेच. एकाचे नुकसान तो दुसऱ्याचा फायदा, आणि हिशेब ठेवणारे दोघे निराळे.

हैदराबाद संस्थानात हा पेच पडला नाही. १९३० मध्ये सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली, आणि १९३२ मध्ये त्याच रेल्वेखात्याने मोटारी चालवायला काढल्या. आरंभी २७ मोटारी आणि १६६ नोकर. सरकारी मालकीच्या मोटार वाहतुकीचा देशातला हा पहिलाच प्रयोग समजला जातो. (हैदराबादकडच्या मोटारींच्या क्रमांकात पुढेही राहिलेले इंग्रजी झेड हे अक्षर निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या, नावावरून आले असे सांगतात. राजाची आठवण अशी क्रमांकाच्या पाटीवर उरली.) रूळ आणि सडक एका खात्यात आले, म्हणून कोणत्या गावाला गाडी आणि कोणत्या गावाला मोटार हा एकाच टेबलावरचा प्रश्न झाला. मोटारीने उतारू स्टेशनापर्यंत आणावा, गाडीने पुढे न्यावा, असा विचार निदान शक्य झाला.

याची स्तुती करताना हात आखडता घेतला पाहिजे. दोन्ही लगाम एकाच्या हाती असले म्हणजे घोडी नीट चालतातच असे नाही. जिथे रूळ आहेत तिथे मोटार कमी ठेवण्यात खात्याचा स्वार्थ होता, आणि खाजगी मोटारवाला हटला की उतारूला निवड उरत नसे. शिवाय त्या टेबलाभोवती प्रजेचा कोणी बसलेला नव्हता. तरीही हिशेब एक होता, आणि तो पुन्हा एक झाला नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी गेली. १९५० मध्ये रेल्वे केंद्राकडे गेली आणि पुढच्या वर्षी मध्य रेल्वेत मिळाली. मोटारी हैदराबाद राज्याकडे राहिल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्यातल्या मोटारी मुंबई राज्याकडे आल्या आणि १९६१ पासून राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजे आपल्या एसटीच्या, झाल्या. रूळ मात्र १९६६ मध्ये नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेले, कचेरी सिकंदराबादला. सडकेसाठी अर्ज मुंबईला, गाडीसाठी सिकंदराबादला, पैशासाठी दिल्लीला. संस्थान विलीन झाले खरे, पण आगगाडीपुरते औरंगाबाद हैदराबादचेच राहिले.

याचा परिणाम काय झाला? एसटीने मराठवाडा जोडला, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. जिथे रूळ जाणे शक्यच नव्हते अशा वाड्यातांड्यांवर लाल मोटार गेली. मुली शाळेला गेल्या त्या तिच्यातून. लांबच्या प्रवासाचे मात्र तसे नव्हते. मनमाडला गाडी बदलण्याचे दैव चुकले नाही. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी मुक्तिसंग्रामातली माणसे म्हातारी झाली तरी रुंद रुळांसाठी निवेदने देत राहिली, आणि १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातही ही मागणी होती. मुंबईचे रूळ अखेर औरंगाबादपर्यंत आले ते १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मनमाडची वाट खुली झाल्यावर नव्वदेक वर्षांनी. तेही एकेरी. समोरून गाडी आली की आपली गाडी करमाडला किंवा लासूरला उभी.

आता सडकेचा वेग पाहा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची घोषणा २०१५ ची. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पुरे झाले. खर्च पंचावन्न हजार कोटींच्या वर. राज्याने मनात आणले, राज्याने कर्ज काढले, राज्याने जमीन घेतली. दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागली नाही. सडक जिंकली ती मोटार बरी म्हणून नव्हे, तिची तिजोरी जवळ होती म्हणून, असे माझे मत आहे. त्या सडकेवर दुचाकीला मज्जाव आहे. संभाजीनगरात कारखान्याच्या पाळीला जाणारा कामगार जिच्यावर बसतो ती दुचाकीच. आणि १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटून २५ माणसे गेली, तेव्हा रात्रीच्या लांब प्रवासाला या मुलखात दुसरे काय आहे, हे विचारणारेही थोडेच निघाले.

रुळांनाही अलीकडे जाग आली आहे. अंकाई ते औरंगाबाद दुहेरी मार्ग मंजूर झाला, जुलै २०२५ मध्ये पुढे परभणीपर्यंतच्या १७७ किलोमीटरांनाही केंद्राने संमती दिली. अजिंठ्याकडून जाणाऱ्या जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. पुण्याला मात्र अजूनही सरळ रूळ नाहीत. नगरच्या सडकेने सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि आगगाडीने मनमाड-दौंडचा वळसा, तोही १८७८ साली बांधलेल्या मार्गाने.

बीडला पहिली आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, अहिल्यानगरहून. मार्ग मंजूर झाला होता गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, आणि परळीपर्यंतचे रूळ जोडायचे त्या दिवशीही बाकीच होते.