जाते, पत्ते आणि आभासी जग : पक्षाघाताने दुबळ्या झालेल्या हाताचा इतिहास

१/ ‘अंगावरून वारे गेले.’ परभणीच्या खेड्यापाड्यांत पक्षाघाताचे वर्णन आजही याच शब्दांत होते. ‘अर्धांगवायू’ या नावातही वायूच आहे. आयुर्वेदाने हा विकार वातव्याधींत गणला. १६५८ मध्ये योहान वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदनांच्या आधारे मेंदूतील रक्तस्रावाकडे बोट दाखवले. दुबळा होतो तो हात. घाव मात्र मेंदूवर झालेला असतो.

२/ म्हणजे स्नायू शाबूत असतात, त्यांना मिळणारी आज्ञा तुटलेली असते. मेंदूचे उरलेले भाग ते काम काही प्रमाणात नव्याने शिकू शकतात. त्यासाठी तीच हालचाल, तीही अर्थपूर्ण कामातून, शेकडो वेळा करावी लागते. या उपचाराचा सारा इतिहास हा पुनरावृत्तीचा इतिहास आहे.

३/ महाराष्ट्रात त्याचे एक महत्त्वाचे पान मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात लिहिले गेले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये तेथे व्यवसायोपचाराचे, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये या शास्त्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांचेच नाव सांगते.

४/ व्यवसायोपचाराचे सूत्र साधे आहे: रोजचे काम हेच औषध. गुंडी लावणे, पेला उचलणे, धान्य निवडणे. रुग्णाला हात नुसता हलवायचा नसतो. त्या हाताने पुन्हा जगायचे असते.

५/ १९५० मध्ये परभणी जिल्हा मात्र हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्याची सीमा पुसली गेली, तरी मुंबईचे अंतर रात्रभराच्या रेल्वेप्रवासाचेच राहिले.

६/ दरम्यान अमेरिकेत १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर लावायचा संगणकीय पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. पुढे उपकरणे हलकी झाली आणि उपचारात आली. रुग्ण आभासी फळाकडे हात नेतो, यंत्र हालचाल टिपते आणि गुण देते. खेळाच्या ओढीने कंटाळवाणी पुनरावृत्ती सुसह्य होते.

७/ मग यंत्र श्रेष्ठ ठरले का? २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त चार देशांतील १४१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून एका गटाला पडद्यावरील निन्टेन्डो वी हा खेळ दिला, दुसऱ्याला पत्ते, चेंडू, ठोकळे असे साधे खेळ. दोन्ही गटांचे हात सुधारले. त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

८/ २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याने ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्णांची माहिती तपासली. पारंपरिक उपचाराऐवजी आभासी वास्तव वापरल्याने हाताला अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. नेहमीच्या उपचाराला त्याची जोड दिली, म्हणजे सरावाचा एकूण वेळ वाढला, तेव्हा मात्र लाभ दिसला.

९/ हा निष्कर्ष परभणीसारख्या जिल्ह्यासाठी मोलाचा आहे. ‘मोठ्या शहरातले यंत्र मिळाले नाही, आता हात गेला’ असे मानून घरचे हताश होतात, आणि सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो ते पहिले काही महिने हातचे निसटतात. यंत्र उपयुक्त आहे, अनिवार्य नाही. अनिवार्य आहेत ते वेळेवर मिळणारे प्रशिक्षित मार्गदर्शन आणि रोजचा सराव.

१०/ याच जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. जनाबाईंसोबत दळायला प्रत्यक्ष विठ्ठल जात्यावर बसे, अशी श्रद्धा आहे. एकट्याने न ओढवणारे जाते दुसऱ्या हाताच्या सोबतीने फिरते, ही कल्पना या भूमीला नवी नाही. पक्षाघाताने थांबलेल्या हातालाही आधी अशीच सोबत हवी असते. यंत्र त्यानंतर आले तरी चालते.