दऱ्या, दर्या आणि करीम: कॉपी-पेस्टमध्ये हरवणारी अक्षरं

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण इथल्या दप्तरांचा इतिहास त्याहून बराच जुना आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सरकारी कारभार आधी फारसीत चाले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत. गावपातळीवर मोडीही होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि उर्दू-मोडी जाणणारे कारकून एकेक करून निवृत्त झाले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तीच निजामकालीन दप्तरं पुन्हा उघडली आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांची गरज सरकारला भासली. कागद शाबूत होते. लिपी जाणणारा माणूस समोर बसला की ते पुन्हा बोलू लागत.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मला चिंता वाटते ती आपल्याच काळातल्या एका दप्तराची. १९९० नंतरच्या वीसेक वर्षांत संगणकावर टाइप झालेल्या स्मरणिका, शाळांचे अंक, जमातीच्या याद्या, स्थानिक साप्ताहिकं यांची. त्या फाइली आज उघडल्या तर मराठी जाणणाऱ्यालाही वाचता येत नाहीत, उर्दू जाणणाऱ्यालाही नाहीत.

याचं कारण समजून घ्यायला हवं. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे एका तक्त्यावर ठरतं. १९६३ च्या अमेरिकन ‘आस्की’ तक्त्यात १२८ जागा होत्या, त्या इंग्रजीपुरत्या. भारतीय लिपींसाठी १९८८ मध्ये ‘इस्की’ हा तक्ता तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तो मानक म्हणून प्रसिद्ध केला. पण छापखान्यांतल्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं घडवता येत नव्हती. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी सोपी वाट काढली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेवमध्ये ‘क’ हा इंग्रजीतल्या छोट्या ‘डी’च्या जागी, म्हणजे १०० या आकड्यावर बसला. श्रीलिपी, आकृती यांची मांडणी आणखी निराळी. डोळ्यांना मराठी दिसे, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असत. मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवला, फॉन्ट सुटला, की खालचं इंग्रजी उघडं पडे.

उर्दूची अडचण याहून मोठी होती. नस्तालीकमध्ये अक्षरं तिरकी उतरत एकमेकांत मिसळतात, त्यामुळे ती खिळ्यांत बसवणं कठीण होतं आणि उर्दू वर्तमानपत्रं कातिब हातानं लिहीत. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीसोबत हजारो जोड-आकार हातानं काढून ‘नूरी नस्तालीक’ घडवलं आणि १९८१ मध्ये ‘जंग’ दैनिक त्यात छापलं गेलं. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरचं ‘इनपेज’ आलं आणि उर्दूची छपाई घराघरांत पोचली. पण इनपेजचा तक्ताही स्वतःचाच होता. त्यातला मजकूर बाहेर नेला की निरर्थक चिन्हं उरत. नंतरच्या आवृत्त्यांनी युनिकोड स्वीकारलं, जुन्या फाइली मात्र तशाच राहिल्या.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिनं तिच्यात घेतलेल्या लिपींतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच आकडा दिला. देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. ‘क’ आता २३२५, कुठल्याही फॉन्टमध्ये. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ फॉन्ट आला आणि साध्या संगणकावरही ही सोय झाली.

तरी दोन खाचखळगे उरले आहेत. पहिला मराठीचा. डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि फारसीतून आलेला ‘दर्या’ यांत फरक फक्त र च्या रूपाचा. दऱ्यांमधला र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एक नुक्त्याच्या ‘ऱ’ने, दुसरी साध्या ‘र’पुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह घालून. काही प्रोग्रॅम चिकटवताना ते अदृश्य चिन्ह गाळतात आणि दऱ्यांचा समुद्र होतो.

दुसरा उर्दूचा. उर्दूची ‘ये’ १७४० वर आहे, अरबीची १६१० वर. उर्दूचा ‘काफ’ १७०५, अरबीचा १६०३. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये ती सारखीच दिसतात. कुणी अरबी कीबोर्डवर ‘करीम’ टाइप केलं आणि तुम्ही उर्दू कीबोर्डवरून शोधलं, तर यादीत असलेला करीम सापडत नाही. विद्यार्थ्यांची किंवा मतदारांची यादी असेल तर हा खेळ महागात पडतो.

बिघडलेला मजकूर समोर आला तर आधी लक्षणं ओळखा. रिकामे चौकोन दिसले तर फक्त फॉन्ट नाही, मजकूर सुखरूप आहे. मात्रा-टिंबं चढवलेली युरोपीय अक्षरं दिसली तर तक्ता चुकीचा निवडला गेला आहे. फाइल पुन्हा उघडताना ‘यूटीएफ-८’ निवडा. पण ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं दिसली तर हात थांबवा. त्या अवस्थेत फाइल जतन केली की मूळ आकडे कायमचे गेले.

जुन्या फाइलींसाठी: मूळ प्रत तशीच ठेवा, सोबत फॉन्टची फाइल ठेवा, फॉन्टचं नाव लिहून ठेवा आणि एक पीडीएफ काढा. मग त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या रूपांतरकातून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफ शेजारी ठेवून वाचा. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, रफार आणि पहिली वेलांटी आधी तपासा. चिकटवताना ‘फक्त मजकूर’ हा पर्याय घ्या. उर्दू आणि मराठी एकाच ओळीत असेल तर आकड्यांचा क्रमही पाहा, कारण एक लिपी उजवीकडून चालते, दुसरी डावीकडून.

आपल्या मदरशाच्या, शाळेच्या, वाचनालयाच्या कपाटात अशा सीडी आणि बंद पडलेले संगणक आजही असतील. ते ज्यांनी टाइप केले ती माणसं अजून हयात आहेत आणि कोणता फॉन्ट वापरला होता हे त्यांना आठवतं. त्यांना आताच विचारून घ्या.