कुमाऊंच्या वणव्याचे जुने प्रकरण

उन्हाळ्यात अल्मोड्यास बदलून येणाऱ्या मराठी माणसाची पहिली निराशा होते ती हिमशिखरांच्या बाबतीत. ज्या शिखरांच्या आशेने आम्ही उत्तरेकडच्या खिडकीची खोली घेतली, ती महिनाभर धुरात बुडालेली होती. रात्री मात्र समोरच्या डोंगरावर आगीची माळ दिसे. वणवा आम्हांस नवा नव्हता. सह्याद्रीच्या उतारावरचे गवत पेटलेले लहानपणी पुष्कळदा पाहिले होते. परंतु येथील वणव्यामागे सरकारी हुकुमांचा एक इतिहास आहे, आणि कागदांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींना त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

या भागातील मधल्या उंचीचे डोंगर चीड वृक्षांनी व्यापलेले आहेत. वसंतापासून त्यांची सुईसारखी पाने गळू लागतात. त्यांस येथे पिरूल म्हणतात. पिरूल राळयुक्त असल्यामुळे वाळल्यावर चटकन पेट घेते. त्यावरून गुरांचे पाय घसरतात आणि त्याखाली गवत उगवत नाही. म्हणून पावसापूर्वी ते जाळून टाकावे, म्हणजे नवे गवत जोमाने येते, ही गावकऱ्यांची पूर्वापार रीत होती. जाड सालीचा जुना चीड अशा आगीतून बहुधा वाचतो. कोवळी रोपे मात्र मरतात. शेतकऱ्यास गवत हवे आणि वनखात्यास रोपे, हे या भांडणाचे मूळ होय.

रेल्वेच्या स्लीपरांकरिता लाकूड व कारखान्यांकरिता राळ हवी, म्हणून सरकारची दृष्टी या रानांकडे वळली. १८९३ साली मोजणी न झालेली सर्व जमीन संरक्षित वन ठरविण्यात आली. पुढे १९११ ते १९१७ या काळात विस्तीर्ण क्षेत्र राखीव झाले. चराई, फांद्या तोडणे, पिरूल जाळणे, सर्वांवर निर्बंध आले. त्यातच साहेबांचे सामान वाहण्याची वेठ होती. १९२१ च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत लोकांनी वेठीच्या वह्या शरयू नदीत बुडविल्या, आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊंची राखीव राने पेटली.

सर्वच आगी हेतुपुरस्सर लावलेल्या होत्या असे नव्हे. तथापि इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे : जळाली ती मुख्यतः चिडाची राने, चारा व खत देणाऱ्या रुंद पानांच्या वृक्षांची राने बहुतांशी वाचली. आपले काय आणि सरकारचे काय, हे लोकांनी मनाशी पक्के ठरविले होते.

सरकारनेही, उशिरा का होईना, हे ओळखले. १९२१ मध्येच कमिशनर विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली तक्रारींची चौकशी करणारी समिती नेमली गेली. पुढच्याच वर्षी गोविंद वल्लभ पंत यांनी कुमाऊंच्या वनप्रश्नावर पुस्तक लिहून लोकांची बाजू मांडली. समितीच्या शिफारशींमुळे व्यापारी दृष्ट्या कमी मोलाची राने वनखात्याकडून काढून घेण्यात आली, आणि १९३१ च्या नियमांनी गावाच्या वनपंचायतीस रान सांभाळण्याचा अधिकार मिळाला. आज उत्तराखंडात अशा दहा हजारांहून अधिक पंचायती आहेत.

असे असूनही वणवे थांबलेले नाहीत. २०१६ साली भीमतालचे पाणी हेलिकॉप्टरने उचलून आगीवर ओतावे लागले. १३ जून २०२४ रोजी बिनसर अभयारण्यात आग विझविण्यास गेलेल्या चार जणांचा जळून मृत्यू झाला. आग चढावर फार वेगाने धावते आणि जळती बोंडे गडगडत खाली येऊन मागची वाटही पेटवितात. मधल्या उतारावर सापडलेल्या माणसाने जावे कोठे?

उपाय अज्ञात नाहीत. हिवाळ्यात जाळरेषा साफ करणे, थंडी व दव असताना वनखात्याने बेताने पिरूल जाळणे, ते गोळा करून इंधनास वापरणे, हे सर्व ठाऊक आहे. परंतु यास पुष्कळ हात लागतात, आणि ते हात गावातच असतात. १९२७ च्या वनकायद्याने हक्कदार गावकऱ्यांवर आग विझविण्यास मदत करण्याचे बंधन घातले आहे. पण कायद्याच्या धाकाने आलेला माणूस आणि स्वतःच्या रानासाठी धावलेला माणूस यांत अंतर असते, हे १९२१ सालच्या आगीने दाखवून दिले. आज अनेक गावांतून तरुण मंडळी मैदानी शहरांकडे गेली आहेत. जंगलाच्या फायलीवर शेरा मारण्यापूर्वी त्या गावात आता कोण उरले आहे, एवढे तरी आपण विचारावे, असे आम्हांस वाटते.